मैना गमरेचे कपाट

सोमवार, २२ मार्च १९७६.
नळाला पाणी पावणेसहाला आले, साडेसहाला गेले. कडवे वाल भिजत घातले. गवंडी आजही आला नाही. दुपारी दवाखान्यातली मैना गमरे घरी आली व लोकर विणायची दहा नंबरची सुई मागितली. जोडीतली एकच पुरेल म्हणाली. काय विणणार, विचारले तर हसली. महाडच्या उन्हात लोकर घालणार कोण? दिली. डॉक्टरांचे जेवण अडीच वाजता.

डॉक्टर पोंक्ष्यांच्या पत्नीने त्या दिवशी रोजनिशीत असे लिहिले. पण मैनाला त्या सुईने विणायचे काहीच नव्हते. तिला हवी होती एक लांब, गुळगुळीत, न वाकणारी काडी, आणि तशी वस्तू साऱ्या महाडात डॉक्टर पोंक्ष्यांच्या घरीच मिळेल, असे काशीबाईने तिला सांगितले होते. काशीबाई दवाखान्यात आया होती आणि डॉक्टरांकडे वरकामाला येई. कोणत्या घरात कोणती वस्तू कोणत्या फळीवर आहे, हे तिला पाठ असे.

दवाखाना म्हणजे बाजारपेठेच्या मागचे तीस खाटांचे धर्मादाय रुग्णालय. मैना तिथे वही लिही. दासगावच्या बौद्धवाडीतल्या धोंडू गमरे यांची ती थोरली मुलगी. धोंडू एस.टी.त कंडक्टर होता, महाड–पोलादपूर गाडीवर. मुलगी मॅट्रिक झाली त्या दिवशी त्याने गाडीतल्या प्रत्येक उतारूच्या हातावर चिमूटभर साखर ठेवली होती.

मैनाचे अक्षर अतिशय सुरेख होते. ठसठशीत, मोकळे, कुठे खाडाखोड नाही. दवाखान्याची लाल कापडी बांधणीची वही दारातल्या टेबलावर उघडी असे. नाव, गाव, वय, आजार आणि औषध अशा पाच रकान्यांत ती सकाळपासून लिहीत बसे. डॉक्टर म्हणत, "मैना, तुझी वही वाचायला चष्मा लागत नाही."

हेच पुढे अंगाशी आले.

१९७४ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. तुडीलच्या नझीर मुकादम यांची मुलगी सलमा हिला क्षयाची सुरुवात होती. रोज इंजेक्शन, मग दिवसाआड, असे दीड वर्षाचे औषध डॉक्टरांनी लिहून दिले. मुलीचे लग्न ठरलेले, मुलगा कुवेतला. एके दिवशी नवऱ्या मुलाचे कुणी नातेवाईक स्वतःचा खोकला दाखवायला दवाखान्यात आले, नाव सांगण्यासाठी टेबलापाशी वाकले आणि वाकल्या वाकल्या मागच्या पानावरची ओळ वाचून गेले. आठवड्यात लग्न मोडले.

नझीरचाचा दवाखान्यात आले. मैनाला वाटले, आता आरडाओरडा होईल. पण ते टेबलासमोर उभे राहिले, वहीकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, "बेटी, तुझं अक्षर लय चांगलं हाय. दारातनं वाचता येतं."

एवढे बोलून ते गेले. सलमा पुन्हा इंजेक्शनला आली नाही. तिला मुंबईला मामाकडे पाठवले आणि तिथे ती बरी झाली, हे मैनाला फार उशिरा कळले. मधली दोन वर्षे ती मुलगी आपल्या अक्षरामुळे औषधाविना राहिली, असेच ती धरून चालली होती.

त्यानंतर वहीतली नावेच खोटी होऊ लागली. बातमी खेड्याखेड्यांत पोचली होती. शिवाय पुढच्या वर्षी, कुठल्याही वहीत नाव गेले की नसबंदीला धरून नेतात, अशी भीती सगळीकडे पसरली. लोक आले की वाटेल ते नाव सांगत. गेल्या खेपेचा भिकू या खेपेला चंदू व्हायचा. एकदा एका घरातले बाप-लेक एकाच दिवशी दोन आडनावांनी आले आणि बाकावर शेजारी बसून एकमेकांना ओळखत नसल्यासारखे करू लागले.

"अरे, ह्याला मागच्या पावसाळ्यात कोणती गोळी सोसली नाही, ते मी शोधू कुठे?" डॉक्टर वैतागून विचारत. आणि मैना जुनी पाने उलटत राही.

बायकांची तर आणखीनच तऱ्हा. माहेरचे नाव लग्नात बदललेले. नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही. एक बाई पोलादपूरच्या वरच्या अंगाची, "मालकाचं नाव सांगा" म्हटले की पदराआड हसे आणि बोट वर करून आकाशातला चंद्र दाखवी. मैनाने तिच्या नवऱ्याचे नाव चंदू लिहिले. निघाले सोमा.

"नाव काय घेऊन बसलीस गो?" काशीबाई फरशी पुसता पुसता म्हणाली. "म्हायेरी मी मथुरा व्हती, हितं आली नि काशी झाली. दादल्यानं नाव बदाललं, सासूनं सवय बदालली. बदाललं नाय ते ह्ये येवढंच." आणि तिने ओला हात पुढे केला. मनगटावर हिरवे तुळशीवृंदावन गोंदलेले होते, एका बाजूला जरा कललेले.

मैनाने पुसणे थांबवायला लावले आणि तो हात धरून बराच वेळ पाहिला.

त्याच महिन्यात मैना मुरारीशेठच्या भाताच्या गिरणीवर कण्या आणायला गेली होती. मुरारीशेठ म्हणजे रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळाचे चिटणीस. त्यांच्या गादीमागे भिंतीला एक तारेचा आकडा होता आणि त्यात वर्षभराच्या चिठ्ठ्या टोचून ठेवलेल्या. शेठनी एक चिठ्ठी काढण्यासाठी आकडा हलवला, तशा दोन-तीन खाली पडल्या.

"नेहमी ह्याच पडतात," शेठ कुरकुरले. "भोक कडेपर्यंत फाटलंय. तारेवर ठरत नाहीत."

मैनाने त्या उचलून दिल्या. कण्या घेतल्या. गिरणीच्या पायऱ्या उतरली आणि अर्ध्या रस्त्यात उभीच राहिली. फाटक्या भोकाच्या चिठ्ठ्या पडतात. नेहमी त्याच पडतात. शोधाव्या लागत नाहीत.

मग आपण होऊन भोके फाडली तर?

घरी आल्यावर तिने बापाला विचारले, "बाबा, तुम्ही तिकिटाला पंच मारता, त्यावरून काय काय कळतं?"

"सगळं कळतं," धोंडू म्हणाला. "कुठं चढला, कुठं उतरणार, फुल का हाफ. एक अक्षर लिवावं लागत नाय. आणि ज्याला वाचता येत नाय त्याला नुसतं भोक दिसतं." डेपोच्या भंगाराच्या लिलावात त्याने एक जुना पंच घेतला होता, आठवण म्हणून. तो त्याने ट्रंकेतून काढून तिच्या हातावर ठेवला.

पंच मिळाला. काडी हवी होती. म्हणून ती डॉक्टरांच्या घरी गेली आणि दहा नंबरची सुई घेऊन आली.

जाड पुठ्ठ्याची कार्डे तिने स्वतः कापली, वीतभर लांब. चारही कडांना सारख्या अंतरावर भोके. प्रत्येक भोकाला एक अर्थ. वरच्या कडेला बाई की पुरुष, वय आणि गावांचे गट: नाते बाजू, दासगाव-तुडील बाजू, पोलादपूर खालचे, पोलादपूर वरचे. उजव्या कडेला ओळखीची खूण कुठे आहे, म्हणजे डावा हात, उजवा हात, कपाळ, हनुवटी, आणि ती झाड आहे, जनावर आहे की नुसते ठिपके. गोंदण नसेल तर तीळ किंवा व्रण. खालच्या कडेला आजार, आणि औषध अर्धवट सोडले असेल तर त्याचे एक भोक. डाव्या कडेला न सोसणारी औषधे. जे लागू असेल ते भोक पंचाने कडेपर्यंत उघडायचे. मग शंभर कार्डांची चळत उभी धरून हव्या त्या भोकातून सुई आरपार घालायची, उचलायची आणि हलवायची. ज्यांचे भोक उघडे, तेवढी कार्डे खाली पडतात. बाकीची सुईवर लटकत राहतात.

कार्डावर नाव नाही. वर एक क्रमांक, मध्यभागी खुणेचे वर्णन आणि औषधाच्या तारखा. आजाराचा शब्द कुठेही नाही. नावे आणि क्रमांक यांची जोडी एका वेगळ्या वहीत. कार्डे आणि वही दोन्ही लोखंडी कपाटात, दोन वेगळ्या कप्प्यांत, दोन कुलपांत. किल्ल्या मैनाच्या गळ्यातल्या दोऱ्यात. दुसरा जुडगा डॉक्टरांकडे. कोणत्या भोकाचा काय अर्थ, हे त्या दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हते.

डॉक्टरांनी सुई उचलली, हलवली. टेबलावर सात कार्डे पडली. "ही कोण?" त्यांनी विचारले.

"इंजेक्शन अर्धवट सोडलेले," मैना म्हणाली. "पानं उलटत बसले असते तर तीन दिवस गेले असते."

डॉक्टरांनी सुई पुन्हा घातली, पुन्हा हलवली, लहान मुलासारखी चारदा. मग म्हणाले, "चहा सांग."

दारातली लाल वही त्या दिवशी बंद झाली. पेशंटला फक्त क्रमांकाचा एक पुठ्ठ्याचा बिल्ला मिळू लागला. औषध चुकवणाऱ्यांना मैना पोस्टकार्ड टाकी, पण पोस्टकार्ड म्हणजे पोस्टमनपासून वाडीतल्या शाळामास्तरापर्यंत सगळे वाचणार. म्हणून ती लिही, "क्रमांक ४१२. आपली वस्तू तयार आहे. मंगळवारी न्यावी." एकदा अशा एका बाईचा दीर मोठे पोते घेऊन वस्तू न्यायला हजर झाला. काशीबाईने त्याला खोकल्याच्या औषधाची बाटली पोत्यात घालून दिली आणि सांगितले, "जड हाय, सांभाळून ने."

हळूहळू लोक पुन्हा खऱ्या नावाने येऊ लागले. आधी नाव पुटपुटत, मग मोठ्याने. अर्धवट सोडलेली इंजेक्शने पुरी होऊ लागली.

मुरारीशेठना मात्र हे पहिल्यापासून खपले नाही. माणूस वाईट नव्हता. वजनदार होता, आणि वजनदार माणसाला चार लोक चार गोष्टी विचारत. अमक्याची मुलगी तुमच्या दवाखान्यात येत होती का हो? सोयरीक करायची आहे, जरा बघून सांगा. पूर्वी शेठ वही उघडून सांगत आणि विचारणारा त्यांचे उपकार मानी. आता कपाटाला कुलूप.

"किल्ली आण," ते म्हणत.

"डॉक्टरसाहेबांची चिठ्ठी आणा, शेठ."

"मी चिटणीस आहे ह्या दवाखान्याचा!"

"हो ना. म्हणून तर तुमचंबी कार्ड मी कुणाला दाखवत नाय."

काशीबाई तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात पळाली. शेठ लाल झाले. त्या दिवसापासून त्यांनी मैनाचे नाव 'पत्तेवाली' पाडले. बाजारात भेटली तरी विचारत, "काय, आज कुणाचा डाव लागला?" मैना मान खाली घालून पुढे जाई आणि चिडली आहे हे चालीवरून दिसे.

असे पाच वर्षे चालले. १९८१च्या गणपतीत शेठनी डाव टाकला. रविवारी, तेरा सप्टेंबरला, मंडळाची सभा होती. त्यात त्यांचा ठराव होता: कार्डांची पद्धत बंद करावी, पूर्वीप्रमाणे वही ठेवावी, कपाट कार्यालयाकडे द्यावे. कपाट कार्यालयाकडे म्हणजे किल्ली शेठकडे. मंडळातले सातापैकी चार जण त्यांच्या बाजूचे होते.

मैनाने हे ऐकले त्या दिवशी ती कपाटासमोर स्टूल घेऊन बसून राहिली. आत दोन हजार तीनशे कार्डे होती. दोन हजार तीनशे माणसांना तिने स्वतःच्या तोंडाने सांगितले होते, कुणाला कळणार नाही.

"जाळून टाक," काशीबाई म्हणाली.

"आणि उद्या कुणाला नको ती सुई टोचली तर?"

काशीबाईने फडके उचलले आणि ती कपाटाची धूळ पुसू लागली.

बुधवारी, नऊ तारखेला, दुपारी बाराच्या सुमारास पोलादपूरच्या बाजूने एक जीप आली. मागे घोंगडीवर एक बाळंतीण, तेविशी-चोविशीची. बाळ झाल्याला आठ दिवस झालेले, अंगात ताप इतका की हात लावला तर चटका बसावा. डोळे अर्धे उघडे, ओळख नाही. सोबत नवरा महादू, गणपतीला मुंबईहून आलेला, आणि सासू कमळाबाई. तान्हे मूल कमळाबाईच्या हातांत.

"नाव?" मैनाने विचारले.

"सोनाबाई," कमळाबाई म्हणाली. "माझी सून. दुसरं बाळातपण. पयलं म्हायेरी झालं, हे आमच्यात. बघा गो लवकर, पोरीचं काय खरं नाय."

मैनाने नावांच्या वहीत पाहिले. त्या गावची सोनाबाई नव्हती. बिल्ला? बिल्ला कसला, कमळाबाईला ठाऊक नाही.

डॉक्टर पोंक्षे आतून ओरडले, "साजिदा, पेनिसिलिन भर! आधी चाचणीचा थेंब, मग पुरा डोस."

साजिदा सिस्टरने कुपी फोडली. दारातल्या बाकावर मुरारीशेठ बसले होते. ते सभेच्या कागदावर डॉक्टरांची सही घ्यायला आले होते आणि आता उठावे की बसावे, अशा घोटाळ्यात होते.

"थांबा," मैना म्हणाली.

हा तिचाच नियम होता. बेशुद्ध पेशंटला कार्ड बघितल्याशिवाय सुई नाही. पण डॉक्टर घाईत होते. "अगं, नवीन पेशंट आहे! नाव नाही म्हणतेस ना?"

"सासरचं नाव नाय, साहेब." मैना कमळाबाईकडे वळली. "आत्ये, हिचं म्हायेर कुठलं?"

"नाते."

मैनाने बाळंतिणीचा डावा हात घेतला. हिरव्या बांगड्या मनगट भरून होत्या. त्या तिने हलक्या हाताने कोपराकडे सरकवल्या. खाली विंचू गोंदलेला होता. नांग्या होत्या, पाय होते, पोट होते. शेपूट नव्हती. लहानपणी गोंदून घेताना पोर रडून हात ओढून पळाली असावी.

मैनाने गळ्यातली किल्ली काढली, कपाट उघडले आणि चळती एकामागून एक पुढे घेतल्या. सुई बायकांच्या भोकात. उचलली. नाते बाजू. हलवली. डावा हात. हलवली. जनावर. शेवटी टेबलावर चार कार्डे उरली. पहिल्यावर मोर. दुसऱ्यावर मासा. तिसऱ्यावर तिच्याच ठसठशीत अक्षरात होते, "डावे मनगट. विंचू. शेपूट नाही."

डाव्या कडेचे तिसरे भोक उघडे होते.

"पेनिसिलिन नको!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की साजिदाच्या हातातली पिचकारी हलली. "शहात्तर साली चाचणीच्या थेंबालाच श्वास कोंडला होता. तुमच्यासमोरच हे भोक पाडलंय, साहेब."

डॉक्टरांनी कार्ड हातात घेतले, तारखा पाहिल्या आणि एक क्षण डोळे मिटले. मग म्हणाले, "ओत ते. क्लोरोमायसेटिन काढ. आणि सलाइन लाव."

साजिदाने पिचकारी मोरीत रिकामी केली. एक थेंबभर औषध, पण ते मोरीत जाताना सगळ्यांनी पाहिले.

मैना मात्र कार्डाच्या खालच्या कडेकडे पाहत होती. तिथेही एक भोक उघडे होते, पहिलेच, क्षयाचे. ही मुलगी माहेरून, आईबरोबर, रखमा या नावाने दीड वर्ष इंजेक्शने घ्यायला येत होती. एकही चुकवले नव्हते. पूर्ण बरी होऊन गेली होती आणि मग तिचे लग्न झाले होते. बिल्ला तिने माहेरी का ठेवला, हे आता वेगळे विचारायला नको होते.

कमळाबाई पुढे झाली. "तुमाला कसं कळलं हिला ते अवशद चालत नाय?"

"कार्डावर आहे, आत्ये."

"म्हणजे ही आधी आली व्हती हितं? कशाला आली व्हती?"

महादू जमिनीकडे पाहू लागला.

"काय रोग व्हता हिला? आमच्यापासनं लपावलंन काय? आण ते कार्ड इकडं!"

मैनाने कार्ड तिच्या हातात दिले. शेठ बाकावर पुढे सरकले. कमळाबाईने कार्ड उलटे केले, सुलटे केले, महादूच्या नाकासमोर धरले. "वाच रे. मुंबईत ऱ्हातोस."

महादूने वाचले. "विंचू, शेपूट नाय. मग तारखा हायत. बाकी भोकं हायत, आये."

"कसली भोकं?"

"भोकंच."

"ए पोरी," कमळाबाई मैनाला म्हणाली, "सरळ सांग. नायतर आत्ता उचलून घरी नेते सुनेला. माझ्या घरात काय आलंय ते मला कळाया नको?"

सलाइनची सुई नुकती टोचली होती. आता उचलली तर बाई घाटाखालीच संपणार, हे डॉक्टरांना दिसत होते. ते तोंड उघडणार, तेवढ्यात मैना बोलली.

"आत्ये, बसा. बाळाला माझ्याकडं द्या, दमलात." तिने मूल घेतले. "ह्या कपाटात दोन हजारांवर माणसं हायत. कुणाचं काय, ते मी कुणाला सांगितलं नाय. सुनेचं सासूला नाय, सासूचं सुनेला नाय. तुमच्या घरात जे यायचं होतं ते आलंय, ते हे बाळ माझ्या हातात हाय. दुसरं काय आलं नाय, एवढं डॉक्टरसाहेब बाळाच्या डोक्यावर हात ठेवून सांगतील."

डॉक्टरांनी खरोखरच बाळाच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझी सून आज तापाने आजारी आहे, बाई. दुसरा कुठलाही आजार तिला नाही. हे मी लिहून देतो."

"आणि उद्या तुमचं काय दुखलं," मैना म्हणाली, "तर तुमचंबी कार्ड निघेल. महादूदादानं विचारलं, गावच्या पाटलानं विचारलं, ह्या शेठनी विचारलं, तरी सांगणार नाय."

कमळाबाई कार्ड हातात घेऊन उभी राहिली. तिच्या तोंडावरचा राग हळूहळू दुसऱ्याच कशात तरी बदलला. तिने मुलाला म्हटले, "जा रे, भायेर चा पिऊन ये." तो गेल्यावर मैनाच्या अगदी जवळ आली आणि खाली वाकून विचारले, "खरंच कुणाला नाय सांगत?"

"नाय."

"बारा वर्सं झाली. अंग भायेर येतं. खाली बसवत नाय. कुणाला सांगू गो? लेकाला सांगू?" तिचे डोळे भरून आले. तिने चोळीची बाही वर सरकवली. उजव्या दंडावर पाच ठिपके होते. "माझंबी काढ ते भोकांचं."

मैनाने एक कोरे कार्ड घेतले, बाळ एका हातावर तोलले आणि दुसऱ्या हाताने पंच उचलला.

मुरारीशेठ उठले तेव्हा त्यांच्या हातातला सभेचा कागद चुरगळला होता. दारापाशी ते थांबले. "पत्ते म्हणालो होतो नाही मी?" ते म्हणाले. "खरंच पत्ते आहेत. दुसऱ्याच्या हातातले बघायचे नसतात." आणि कागद खिशात घालून निघून गेले.

रविवारच्या सभेत ठराव आलाच नाही. शेठनी स्वतः उठून सांगितले, तो विषय मागे घेतला आहे. मग घसा खाकरून म्हणाले, कपाट भरत आले आहे, दुसरे घ्यावे लागेल, कुलूप चांगले बघून घ्या. सातही हात वर झाले. काशीबाई दाराबाहेर चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती आत जाण्याऐवजी सरळ मैनाकडे धावली आणि अर्धा चहा पायऱ्यांवर सांडला. "जिकलीस गो पत्तेवाले!" तिने हाक घातली, तेव्हा ओपीडीच्या रांगेतल्या लोकांनी कारण न कळताच टाळ्या वाजवल्या.

सोनाबाईचा ताप पाचव्या दिवशी उतरला. एकवीस तारखेला ती घरी निघाली. कमळाबाईचे ऑपरेशन दिवाळीनंतर ठरले होते. गावात तिने देवदर्शनाला जाते असे सांगायचे ठरवले होते, आणि कुठल्या देवाला, यावर तिचा आणि काशीबाईचा दोन दिवस वाद चालला होता.

जीप उभी होती. सोनाबाई मूल घेऊन पायऱ्या उतरली. मैना टेबलापाशी उभी. दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. सासू समोर, नवरा समोर. जीपमध्ये चढण्याआधी सोनाबाईने वळून पाहिले, बाळ उजव्या हातावर घेतले आणि डाव्या हाताच्या बांगड्या जराशा वर सरकवल्या. विंचू दिसला. तिने त्यावरून पदर ओढला आणि हसली.

जीप पोलादपूरच्या रस्त्याला लागली तरी मैना तिथेच उभी होती. मग आत आली, कपाट उघडले, तिसऱ्या चळतीतले ते कार्ड काढले आणि त्या दिवसाची तारीख लिहिली. अक्षर नेहमीचेच, सुरेख आणि ठसठशीत. दोन्ही कुलपे लावली, ओढून पाहिली आणि संध्याकाळी डॉक्टरांच्या घरी गेली. पदराखाली सुई होती.

"पाच वर्षं झाली, बाई. परत द्यायची राहिली."

डॉक्टरीणबाईंनी ती घेतली नाही. "तिची जोडीदारीण मी स्टोव्ह साफ करायला लावली केव्हाच. तुझी तुझ्याकडेच असू दे. बस, पानावर बस."

डॉक्टरीणबाईंच्या रोजनिशीत त्या संध्याकाळी, २१ सप्टेंबर १९८१च्या पानावर, शेवटची ओळ अशी आहे:

परसातली हळदीची पाने काढून पातोळे केले. एकवीस झाले, दोन फुटले. मैनाबरोबर सहा दिले.